चांगुणे, तू पक्षात होतीस

चांगुणे,

आपल्या पक्षाच्या साप्ताहिकात तू गेल्याची बातमी आली आहे. आतल्या पानावर, खताच्या जाहिरातीखाली. 'मिठागर कामगार भाई बाळाराम यांच्या पत्नी व पक्षाच्या जुन्या हितचिंतक चांगुणाबाई यांचे काविळीने निधन झाले. त्या अत्यंत प्रेमळ होत्या.' संपलं. मधल्या सुट्टीत शाळेत बसून मी हे वाचलं आणि पुढच्या तासाला मुलींना काय शिकवलं ते मला आठवत नाही.

हितचिंतक! हितचिंतक कोण असतो ते आपल्या दोघींना चांगलं ठाऊक आहे. सभेला मांडव देतो आणि सभेच्या दिवशी गावाला जातो, तो हितचिंतक. निवडणुकीत दोन्ही उमेदवारांना हार घालतो, तो हितचिंतक. आणि जिने वीस वर्षं खाडीकाठच्या गावागावांतून हा पक्ष पायांनी उभा केला, तीही हितचिंतकच? शिवाय 'अत्यंत प्रेमळ'. तू बरंच काही होतीस गं, पण हे विशेषण ऐकून बाळारामदादासुद्धा, या दु:खातसुद्धा, हसले असते. मिठागराच्या ठेकेदाराला विचारावं तू किती प्रेमळ होतीस ते.

तर ही श्रद्धांजली समजू नकोस. मला राग आलाय, आणि राग आला की पनवेलच्या उरण नाक्यावरून गाडी पकडून मी तुझ्याकडे यायची. आता कुणाकडे जाऊ? म्हणून लिहितेय. तू वाचायला कधी शिकली नाहीस. मी किती मागे लागले होते. तू म्हणायचीस, "तू वाच, मी आयकतंय. दोगींनी वाचलं तर बोलायचा कोनी?" मग ऐक.

तुझी-माझी पहिली भेट पक्षाच्या पहिल्या मोठ्या सभेतली. स्वराज्य नुकतं आलं होतं. दिल्लीत आपलं सरकार बसलं, पण शेत कसणाऱ्याच्या पायाखालची जमीन खोताचीच राहिली, म्हणून काही माणसं मोठ्या पक्षातून उठून बाहेर पडली आणि त्यांनी लाल बावट्याचा हा लहानसा पक्ष काढला. पनवेलच्या तळ्याकाठी सभा होती. मी नुकती मुलींच्या शाळेत लागले होते आणि वडिलांना न सांगता ऐकायला आले होते. व्यासपीठावरचे पुढारी फार छान बोलत होते. दर दोन वाक्यांनंतर "शेतकरी बंधूंनो, कामगार बंधूंनो!" आणि टाळ्या. इतक्यात माझ्या पुढे बसलेली एक बाई कासोटा नीट करत उभी राहिली.

"ओ भाव," तू म्हणालीस, "लावनी आमी करतो, कापनी आमी करतो, डोक्यावरनं मीठ आमी वाहतो. नि तुमच्या तोंडात नुसते बंधू. आमी भैनी काय हितं वरातीला आलो?"

मैदान हसलं. पुढारी हुशार होते, लगेच हात जोडून म्हणाले, "चुकलो. बंधू-भगिनींनो!" आणखी टाळ्या. मीही मोठ्यानं हसत होते. तू वळून माझ्याकडे बघितलंस. "मास्तरीन दिसतेस. हासतेस काय? उठ की तू पन." आणि मी उठले. चांगुणे, आयुष्यात मी कशासाठी म्हणून उठले असेन तर ती ती वेळ. त्या दिवसानंतर मी पक्षाची झाले. तुझ्यामुळे झाले, भाषणामुळे नाही; हे त्या पुढाऱ्यांना अजून माहीत नाही.

पक्षात सगळे एकमेकांना भाई म्हणत. भाई अमुक, भाई तमुक. बायकांना काय म्हणायचं, हे पक्षानं कधी ठरवलंच नाही. मला 'बाई' म्हणत, कारण मी शाळेत बाई होते. तुला काहीच म्हणत नसत. "ती जासईकडची" म्हणत. तुझं गाव जासईच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी. सभेचं सांगायला, वर्गणीचं धान्य गोळा करायला, कूळकायद्यात आपलं नाव लावून घ्या म्हणून कुळांना समजवायला "ती जासईकडची" पाहिजेच असायची. ओव्यापासून उरणपर्यंत अशी वाडी नव्हती जिथे तुला ओळखत नव्हते. कातकऱ्यांच्या वस्तीवर आपल्या पक्षाचे शेतकरी पुढारी फिरकत नसत, तिथं तू जाऊन जेवायचीस. गावात त्यावरून बोलणी खाल्लीस. मला म्हणालीस, "जमीन नाय त्याचा पक्ष नाय, असा कदी ठरला? मना तरी कोनी सांगला नाय."

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात आपण दोघी एका बराकीत होतो. आता त्या दिवसांची वर्णनं मोठमोठी माणसं करतात, तेव्हा त्यांत स्फुरण असतं, पोवाडे असतात. मला मात्र आमटी आठवते. तुरुंगातली ती अळणी, पांढुरकी आमटी. पहिल्याच दिवशी तू घास घेतलास आणि वाडगा खाली ठेवलास. "आमी जल्मभर मीठ पिकवलं, नि आमच्याच आमटीत मीठ नाय? नाय जेवाचा." शहरातल्या बायका म्हणाल्या, आपण मराठी राज्यासाठी आलोय, मिठासाठी नाही. तू म्हणालीस, "राज्य आला तरी आमटी अशीच ऱ्हानार असंल तर मंग मी घरा जातंय." दुसऱ्या दिवशी अख्ख्या बराकीनं जेवण परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी मीठ आलं. त्या बराकीत पुण्यामुंबईच्या शिकल्यासवरल्या बायका होत्या. सुटताना त्यांतल्या कित्येकी तुझ्या गळ्यात पडून रडल्या.

राज्य झालं. मंगलकलश आला. आणि मग आपल्या पक्षाचं काय झालं ते तू बघितलंसच. सत्तेचं दार किलकिलं झालं आणि एकेक भाई आत सरकू लागला. "बाहेर राहून गरिबांची कामं होत नाहीत," असं म्हणायचे. आपण ज्याच्यासाठी पायाची लाकडं करून मतं मागितली, तो वकील निवडून आल्यावर वर्षभरात पलीकडे गेला. जाताना तुलाही न्यायला आला होता, आठवतं? जीप घेऊन, गावच्या नाक्यावर, जिथं बांबूला आपला बावटा लावलेला असायचा. म्हणाला, "चांगुणाबाई, आता हा बावटा उतरवा. नवीन झेंडा आणलाय. रस्ता करून देतो, पाण्याचा नळ देतो." मी तिथेच होते. मला वाटलं तू त्याला शिव्या देशील. तू पदरानं तोंड पुसलंस आणि अगदी शांतपणे म्हणालीस, "मना वर चढता येत नाय. तूच चढ नि काढ." सगळं गाव उभं. पांढऱ्या धोतरातला तो माणूस त्या बांबूकडे बघत राहिला. मग जीपमध्ये बसून गेला. रस्ता नाही झाला. नळ नाही आला. बावटा राहिला.

तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं, ते तू जाईपर्यंत चालूच होतं. मी म्हणायची, सोड हा पक्ष. याच्यात आता उरलंय काय? जे हुशार होते ते गेले, जे उरलेत ते जाता आलं नाही म्हणून उरलेत. तू म्हणायचीस, "घो दारू प्यायला म्हनून मी का घर सोडू? घर माजा पन हाय." मी म्हणायची, पक्ष म्हणजे घर नव्हे, तो कधी आपली चूक कबूल करत नाही. तू म्हणायचीस, "करंल. करायला लावू." किती चिडायची मी तुझ्या या 'लावू'वर!

आणि मग मिठागराचा संप झाला.

तो संप तू सुरू केलास, हे मी इथं एकदा नीट लिहून ठेवते, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही. आगरात प्यायला पाणी नव्हतं. भर उन्हात, पांढऱ्या मिठाच्या झळीत पाट्या वाहणाऱ्या बायकांना पाण्यासाठी पार गावच्या विहिरीपर्यंत जावं लागायचं, आणि तेवढ्या वेळाची मजुरी ठेकेदार कापायचा. एखादी पोटुशी राहिली की तिला कामावरून काढायचा, बाळंत होऊन आली की तिच्या जागी दुसरी. बाळंत होऊन आलेल्या धर्मीला असंच परत पाठवलं, तेव्हा तू पाटी खाली ठेवलीस. तुझ्यामागे सगळ्यांनी ठेवल्या. पुरुषांनी मीठ ओढायच्या फळ्या टाकल्या. संपाच्या मागण्या तीन होत्या: आगरावर पाणी, बाळंत बाईला परत काम, आणि सगळ्यांना मजुरीवाढ. मागण्यांचा कागद मी लिहिला, पण तोंडानं सांगितल्या तू, आणि याच क्रमानं. मजुरी शेवटी, हे तूच ठरवलंस.

पक्ष धावून आला. आला, हे मान्य. जिल्ह्याचे चिटणीस स्वत: आले, बांधावर उभे राहून बोलले, पनवेलच्या तांदळाच्या पेढ्यांतून पोती मागून आणून त्यांनी गावात पोचवली. मग एक दिवस पनवेलात, ठेकेदाराच्या माडीवर बसून त्यांनी तडजोड केली. मजुरीवाढ फक्त पुरुषांना. बायकांच्या दोन मागण्यांचा 'पुढील हंगामात सहानुभूतीने विचार'. आणि संप मागे.

ते सांगायला चिटणीस गावात आले, तेव्हा त्यांच्या गळ्यात हार होता. पुरुष खूश होते, का नसावेत? तू फक्त विचारलंस, "धर्मी कामावर येनार का?"

"पुढच्या हंगामात बघू म्हणालेत."

"पोर आता हाय. भूक आता हाय. पुडच्या हंगामात काय करू?"

"चांगुणाबाई, अर्धी भाकरी मिळाली तर घ्यावी. लढा असाच पुढे जातो."

"अर्धी नाय मिळाली, भाई. पुरुषांना अख्खी मिळाली नि आमाला ताट दाखवला."

तेव्हा बाळारामदादा, तुझा नवरा, ज्याची मजुरी वाढली होती तो माणूस, पुढे झाला. सभेत कधी तोंड न उघडणारा. म्हणाला, "माजा वाडला नि हिचा गेला, तर माज्या घरात काय वाडला?" दुसऱ्या दिवशी पुरुष कामावर गेले, काही खाली मान घालून, काही नाही. बायका बांधावर बसून राहिल्या. आणि पावसाळा तोंडावर आलेला. मीठ पिकून वाफ्यात पडलेलं, डोक्यावरून वाहून वरच्या राशीला न्यायला एकही बाई नाही. ठेकेदारानं बाहेरून मजूर आणायला बघितले. ज्या कातकरी वस्तीवर तू जेवायला जायचीस, तिथं त्याचा मुकादम गेला, आणि तिथून हात हलवत परत आला. कुणीच आलं नाही. शेवटी ठेकेदार बांधावर आला. पाण्याची गाडी सुरू झाली, बायकांनाही मजुरीवाढ मिळाली. धर्मी पोराला घेऊन कामावर आली, आणि पोरासाठी आगराच्या कडेला सावलीचा झाप घालून दिला.

जिंकलीस तू. आणि पक्षानं तुला निलंबित केलं.

ती बैठक माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. जिल्हा समितीत मी एकटी बाई होते. पनवेलच्या कचेरीत, तांदळाच्या पेढीवरच्या त्या खोलीत, तुला बोलावून दाराशी उभं केलं. खुर्ची होती, पण कुणी बस म्हणालं नाही. मी माझी खुर्ची तुला दिली, तर चिटणीस म्हणाले, "बाई, आपण समितीच्या सभासद आहात, आपण बसा." मग त्यांनी आरोप वाचले: समितीनं केलेली तडजोड मोडली, शिस्तभंग केला, पक्षाची नाचक्की केली, माफी मागा. तू म्हणालीस, "मागतंय. फकत आदी सांगा, चूक कोनची? पानी मागितला ती? का पानी मिळाला ती?" मतं घेतली. विरोधात माझा एक हात. 'पुढील निर्णय होईपर्यंत निलंबन.' तो पुढील निर्णय पुढे कधी झालाच नाही. मी दर बैठकीत विषय काढायची, दर बैठकीत वेळ संपलेली असायची. आणि वर्षअखेरच्या अहवालात वाक्य आलं: 'पक्षाच्या खंबीर नेतृत्वाखाली मिठागर कामगारांचा लढा यशस्वी झाला. त्यात स्त्रियांचाही सहभाग लक्षणीय होता.' लक्षणीय! मी तो अहवाल तुला वाचून दाखवला, तेव्हा हा शब्द तुला समजावून सांगावा लागला. म्हणजे लक्षात येण्यासारखा, असं मी म्हणाले. तू म्हणालीस, "मंग आला का लक्षात?"

निवडणूक आली की मात्र निलंबन कुणाच्या लक्षात नसायचं. तेव्हा जीप तुझ्या दारात. "चांगुणाबाई, तुमच्याशिवाय खाडीपट्टा कोण सांभाळणार?" आणि तू जायचीस! मला इतका संताप यायचा. मी म्हणायची, अगं, तुला बैठकीत बसू देत नाहीत आणि तू त्यांच्यासाठी उन्हातान्हात फिरतेस? राजीनामा दे त्यांच्या तोंडावर. शेवटची भेट झाली तेव्हाही मी हेच म्हणाले. तू ओटीवर गोधडीत पडलेली, डोळे हळदीसारखे पिवळे, आणि तरी माझ्याशी वाद घालायला उठून बसलीस.

"राजीनामा दिला तर निलंबन उठवतील कोनाचा?"

"नाही उठवणार ते कधीच. मी लिहून देते."

"तू लयच लिवतेस, कुसुमबाय."

हसलीस. मग दमलीस. मी तुला उसाचा रस पाजला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. मला तुला सांगायचं होतं की पक्षात मी राहिले ती तुझ्यासाठी, आणि तुझ्यामागे मला तिथे एक दिवसही काढता येणार नाही. सांगितलं नाही. आजारी माणसाला असं सांगत नाहीत म्हणून. तुझ्यावर रागावणं सोपं होतं, ते केलं.

तिसऱ्या दिवशी निरोप आला.

आता ऐक, कारण पुढचं तुला माहीत नाही. तू अंगणात होतीस, पण माहीत नाही.

सकाळ उलटून गेली होती. तुला आंघोळ घातली होती, हिरवं लुगडं नेसवलं होतं. तुमच्या गावची स्मशानाची वाट खाडीच्या कडेनं जाते, भरती आली की ती पाण्याखाली जाते, म्हणून लोकांची घाई चालली होती. तेवढ्यात मोटार आली. चिटणीस उतरले, समितीचे आणखी तिघे उतरले. चिटणिसांच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवा कोरा बावटा. त्यांचे डोळे खरंच ओले होते, मी खोटं सांगणार नाही. ते तुझ्यापाशी आले आणि बावट्याची घडी उलगडायला लागले.

मी पुढे होणारच होते. माझ्या आधी बाळारामदादा बोलले.

"भाई, ही पक्षात हाय का नाय?"

चिटणिसांचे हात थांबले. "म्हणजे?"

"बावटा पक्षाचा हाय. ही पक्षात असंल तर घाला. नसंल तर तुमचा बावटा कशाला वाया घालवता?"

"बाळाराम, हा प्रश्न आत्ता विचारायची वेळ आहे का?"

तुझ्याबरोबर पाट्या वाहणारी गोमीबाय तुझ्या उशाशी बसली होती. ती वर न बघता म्हणाली, "मंग कवा इचारायचा? बाराव्याच्या दिसाला?"

एक भाई हळूच म्हणाले की समितीची बैठक घेऊन नंतर ठरवू. आणि तेव्हा चांगुणे, मला ते दिसलं. समितीचे ते चौघे आणि मी, पाच. गणसंख्या पाचची. मी म्हणाले, "नंतर कशाला? गणसंख्या आहे. बैठक आत्ता घ्या." चिटणीस माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी प्रेताची विटंबना करते आहे. मी म्हणाले, "मी उठून गेले तर गणसंख्या राहणार नाही, आणि मग बावटा परत गुंडाळून न्यावा लागेल."

तर तुझ्या अंगणात, तुझ्या तिरडीशेजारी, जिल्हा समितीची बैठक झाली. कुणीतरी घोंगडी टाकली. चिटणिसांनी खिशातून कागद काढून लिहिलं आणि वाचलं: "दिवंगत चांगुणाबाई यांची दीर्घ सेवा लक्षात घेऊन त्यांचे निलंबन रद्द करण्यात येत आहे."

"ह्याचा अर्थ काय, कुसुमबाय?" गोमीबायनं विचारलं.

"अर्थ असा, की सेवा बघून माफ केलं."

"माफ?" आता ती उठली. तिची सावली कागदावर पडली. "माफी मागितली कोनी? तिनं मागितली? आमी मागितली? भाई, ता खोडा. संप बरोबर व्हता, असा लिवा."

सगळ्यांना ठाऊक होतं की तडजोडीवर सही चिटणिसांची होती. संप बरोबर, म्हणजे सही चूक. ते गृहस्थ घामानं भिजले. म्हणाले, "गोमीबाई, पाणी चढतंय. वाट बुडेल."

"बुडू दे," बाळारामदादा म्हणाले. "उद्याच्या ओहोटीला नेऊ. तिला घाई नाय."

आणि तुझ्या बरोबरच्या सगळ्या बायका, धर्मीसकट, तुझ्याभोवती जमिनीवर बसल्या. रडत होत्या आणि बसल्या होत्या. कुणी घोषणा दिली नाही. चिटणीस त्या बायकांकडे बघत राहिले, खाडीकडे बघत राहिले. मग त्यांनी पहिली ओळ खोडली. लिहिलं: 'मिठागरातील स्त्री कामगारांनी चालू ठेवलेला संप योग्य होता. समितीने केलेली तडजोड व त्यानंतरची कारवाई चुकीची होती. सबब निलंबन रद्द.' मी सूचक झाले. अनुमोदनाला थोडा वेळ लागला. हात वर झाले, सगळ्यांत शेवटी चिटणिसांचा, पण झाला. मी तो ठराव मोठ्यानं वाचला. बायकांसाठी वाचला, असं लोकांना वाटलं असेल. तुला वाचून दाखवत होते गं.

मग बावटा घातला. आणि उशीर झालाच होता, म्हणून तुझ्या खांदेकऱ्यांना गुडघाभर पाण्यातून जावं लागलं. चिटणिसांनी खांदा दिला, धोतर भिजवून. त्या वेळी मला वाटलं, तू म्हणायचीस ते खरं होतं. पक्षाला चूक म्हणायला लावता येतं. मी हरले, चांगुणे, आणि हरल्याचा मला इतका आनंद झाला होता.

दोन दिवस टिकला तो आनंद. मग साप्ताहिक आलं.

मी शाळा सुटल्यावर तशीच कचेरीत गेले. चिटणीस होते. मी साप्ताहिक पुढे ठेवलं आणि विचारलं, ठराव कुठंय? हितचिंतक कुठून आलं?

ते नजर टाळून म्हणाले, "बाई, तो ठराव भावनेच्या भरात झाला. प्रेत दारात, बायका रडतायत, अशा वेळी माणूस काय करणार? कायदेशीर बैठक नव्हे ती. रविवारी रीतसर बैठक आहे, त्यात शब्दरचना दुरुस्त करू. 'संप योग्य' वगैरे नको. उद्या प्रत्येक गावातल्या बायका पक्षाचे निर्णय मोडायला लागतील."

मी साप्ताहिक उचललं. तुला मेलेलीलासुद्धा हे पुन्हा निलंबित करणार! खाली उतरले, उरण नाक्यावर आले आणि सवयीनं तुझ्या गावची गाडी पकडली. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की तू नाहीस.

तुझ्या ओटीवर बाळारामदादा जाळं विणत बसले होते, शेजारी गोमीबाय. मी सगळं सांगितलं. दादांनी मान खाली घातली. गोमीबायनं विचारलं, "रविवारच्या बैठकीला आमाला बसता येल?"

"नाही. सभासदच बसू शकतात, आणि बोलता येतं ते समितीलाच. पण सभासदांनी मागणी केली तर ठराव सगळ्या सभासदांपुढे ठेवावा लागतो. तसा नियम आहे. आजवर कुणी मागणी केली नाही, एवढंच."

"सभासद व्हायला काय लागतं?"

"अठरा वर्षं पूर्ण लागतात. आणि पक्षाचं धोरण मान्य असावं लागतं."

गोमीबाय उठली, ओटीच्या कडेला गेली आणि तिनं घराघरांकडे तोंड करून हाका मारल्या. धर्मी आली, सोनी आली, वरच्या आळीच्या बायका आल्या, कातकरी वस्तीवरच्या दोघी लाकडाच्या मोळ्या टाकून आल्या. अंगण भरलं. गोमीबायनं त्यांना सगळं सांगितलं, माझ्यापेक्षा थोडक्यात. मग माझ्याकडे वळली.

"लिव आमची नावं. धोरन आमाला मान्य हाय. पक्षाला मान्य हाय का, ता इचारायला रविवारी येतो."